पेंटबॉल मार्करला इनलाइन रेग्युलेटर स्वतः बसवायचा असेल तर पट्टी कुठे आणि कशी लावावी?

तुमचा प्रश्न मला असा कळला: मार्कर (रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक) जुना, साधा ब्लोबॅक, म्हणजे गोळी मारताना सुटलेल्या वायूच्याच धक्क्याने पुढच्या गोळीसाठी तयार होणारा. टाकी मुठीच्या तळाला, तिथून नळी पुढे जाऊन बॉडीत शिरते. वापरलेला एक इनलाइन रेग्युलेटर, म्हणजे टाकी आणि मार्कर यांच्यामध्ये बसून दाब कमी करून ठरावीक ठेवणारा भाग, हाती आलाय, पण तो फिरवून बसवायला मार्करच्या पुढच्या बाजूला उभा एएसए, म्हणजे आट्यांचा अडॅप्टरच नाही. मग पट्टी आणि क्लॅम्प करून तो ट्रिगरच्या पुढे अडकवता येईल का, बॉडीला भोक पाडावं का, आणि पट्टी थ्रीडी प्रिंट केलेली चालेल का.

बसवता येतो. मी बसवलाय, आणि पहिल्यांदा चुकीचा बसवला होता, म्हणून उत्तर जरा लांबणार.

आधी एक विचारतो: रेग्युलेटर हाती आलाय म्हणून लावताय, की काही अडलंय म्हणून? तुम्ही टाकी हवेची वापरता की कार्बन डायऑक्साइडची ते लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर ठरतं. हवेच्या टाकीच्या डोक्यावर एक रेग्युलेटर असतोच. आत ३००० किंवा ४५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) असतात, ते तो साधारण ८०० ते ८५० वर आणून बाहेर सोडतो. तुमचा ब्लोबॅक मुळात कार्बन डायऑक्साइडवर चालायला केलेला, आणि तो वायू साध्या तापमानाला बाटलीत जवळपास तेवढ्याच दाबाने असतो. म्हणजे मार्करला हवा तो दाब त्याला मिळतोच आहे. मध्ये दुसरा रेग्युलेटर घालून तो ५०० वर आणलात, तर हॅमरला (व्हॉल्व्हवर आपटून हवा सोडणाऱ्या भागाला) मागे जाऊन अडकण्याइतका धक्का मिळत नाही. मार्कर अडखळतो, कधी एका ट्रिगरला दोन-तीनदा उडतो. कमी दाबावर चालवायचा तर व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगाही बदलाव्या लागतात, तो वेगळाच उद्योग आहे.

कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर मात्र रेग्युलेटर कामाचा. भराभर गोळ्या मारल्या की बाटली गार पडते आणि दाब उतरतो, उन्हात ठेवली की चढतो. त्या चढउतारातून रेग्युलेटर थोडंफार सावरतो. द्रवरूप वायू आत शिरला तर त्याचंही काही चालत नाही. आणि रेग्युलेटर दाब कमीच करू शकतो, वाढवू शकत नाही. टाकीतूनच ४५० येत असतील तर पुढचा ४५० ला लावून काही साधत नाही, खाली थोडी जागा सोडावी लागते.

आता माझी चूक. माझा मार्कर कमी दाबाचा होता, पुढचा रेग्युलेटर ३०० पीएसआयला लावलेला. ॲल्युमिनियमच्या दोन अर्धगोल तुकड्यांचा क्लॅम्प करून घेतला, चार स्क्रू, आणि दिसायला बरा दिसतो म्हणून तो रेग्युलेटरच्या बरोबर मध्यावर आवळला. हलू नये म्हणून चांगला कचकचून. मैदानावर गेलो तर गोळी उडाल्यावर गेजचा काटा ३०० वर येई, मग हळूहळू ३२०, ३४०, ३६०. दोन मिनिटं थांबून मारलेली पहिली गोळी क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) सेकंदाला ३१२ फूट, लगेच पुढच्या २७५ च्या आसपास. बहुतेक मैदानांवर सेकंदाला ३०० फूट ही वरची हद्द असते, बऱ्याच ठिकाणी २८०. मला अर्थातच बाजूला काढलं.

काटा असा चढत गेला की कोणीही सीट, म्हणजे हवा अडवणारी आतली बैठक, गेली म्हणेल. मीही म्हटलं. सीट बदलली, ओ-रिंगा (हवा गळू नये म्हणून लावलेली रबरी कडी) बदलल्या, पुन्हा सीट बदलली. काटा चढायचा तो चढतच होता. शेवटी रेग्युलेटर काढायला घेतला, क्लॅम्पचे स्क्रू ॲलन कीने अर्धा-अर्धा फेरा सैल केले आणि, का कोण जाणे, काढायच्या आधी एकदा रिकामाच ट्रिगर दाबला. काटा ३०० वर आला आणि तिथेच राहिला. पुन्हा आवळले, काटा चढला. सैल केले, थांबला. सीट पहिल्यापासून चांगलीच होती.

कारण आत आहे. रेग्युलेटरच्या पोटात स्प्रिंगवर बसलेला पिस्टन असतो. पुढे दाब भरला की तो मागे सरकून सीटवर टेकतो आणि हवा बंद करतो, गोळी उडून दाब उतरला की स्प्रिंग त्याला परत ढकलते. पिस्टन आणि बोअर, म्हणजे तो ज्यात सरकतो ती पोकळी, यांच्यातली जागा शतांश मिलिमीटरमध्ये मोजायची, आणि भोवतालची भिंत पातळ. मी तिच्यावर क्लॅम्प आवळून बोअर किंचित लंबगोल केला होता. पिस्टन अडकत अडकत सरकायचा, सीटवर नीट टेकायचा नाही आणि हवा झिरपत राहायची.

म्हणून क्लॅम्पच लावायचा असेल तर पिस्टनच्या भागावर कधीही नाही. टाकी काढा, आतली हवा पूर्ण सोडा, रेग्युलेटर उघडा, पिस्टन कुठून कुठपर्यंत फिरतो ते व्हर्नियरने मोजा आणि बाहेरून पेनाने खूण करा. टोकाला, जिथे आटे असतात आणि धातू जाड असतो, तिथेच पकड घ्यायची. क्लॅम्पचा व्यास लेथवर बरोबर रेग्युलेटरच्या मापाचा करून घ्या, आत रबराची पातळ पट्टी टाका, आणि हाताने फिरणार नाही इतपतच आवळा.

बॉडीवर टाचणीच्या टोकाएवढं एक छोटं भोक शोधा. ते बहुतेक रेग्युलेटरना असतं, स्प्रिंगच्या खोलीने श्वास घ्यावा म्हणून. क्लॅम्पने किंवा टेपने ते झाकलंत आणि पिस्टनची ओ-रिंग जराशी जरी गळत असली, तर हवा पिस्टनच्या मागे कोंडते आणि लावलेला दाब हवा तसा भरकटतो. ते उघडं असेल तर उलट फायदा: तिथून फुसफुस ऐकू आली की पिस्टनची ओ-रिंग गेली हे न उघडता कळतं.

पण माझं खरं मत विचाराल तर क्लॅम्पच नको. तुमच्या रेग्युलेटरच्या वरच्या टोकाला टाकीसारखेच जाडे आटे आहेत का बघा. बहुतेक इनलाइन रेग्युलेटरना टाकीचेच आटे असतात, पाऊण इंचाहून थोडे मोठे, इंचाला १४. तसं असेल तर एखादा जुना, फुकट पडलेला एएसए घ्या. तो पट्टीला स्क्रूने पक्का करा, रेग्युलेटर खालून त्याच्यात फिरवा, एएसएच्या बाजूच्या भोकातून नळी बॉडीत न्या, आणि टाकीकडून येणारी नळी रेग्युलेटरच्या तळाच्या फिटिंगला जोडा. रेग्युलेटरवर कुठेही पकड नाही, तो ज्यासाठी बनलाय तसाच आट्यांवर उभा. टाकीच्या एएसएमध्ये मधोमध एक खिळा असतो, तो रेग्युलेटरच्या भोकात शिरून हवा अडवत नाही ना एवढं बघून घ्या. अडवत असेल तर काढून टाका, इथे त्याचं काम नाही. ओ-रिंग ०१५ मापाची, शक्यतो युरेथेनची. साधी काळी रबराची कार्बन डायऑक्साइडमध्ये फुगते.

अशा जोडणीत हवेचा जोर आटे सोसतात, पट्टी नाही. ०१५ च्या ओ-रिंगच्या घेरावर ८५० पीएसआय म्हणजे साधारण १४० किलोचा रेटा. तो एएसए आणि रेग्युलेटर आपसात जिरवतात. पट्टीच्या वाट्याला येतात ते हिसके: हाताची पकड, मार्कर आपटणं, जमिनीवर लोळणं. टाकी मुठीच्या तळाऐवजी पट्टीवरच आणायचा विचार असेल तर मात्र हिशेब बदलतो. टाकीच्या टोकाला १० किलोचा रेटा दिलात आणि ती पाव मीटर लांब असली, तर २ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन स्क्रूंपैकी एकावर जवळपास सव्वाशे किलोची ओढ येते. ॲल्युमिनियममधले आटे त्याने उपटून येतात, मी आलेले पाहिलेत. टाकी आहे तिथेच राहू द्या.

पट्टी अडकवायला बॉडीत भोक पाडू नका. बाहेरून जाड दिसणाऱ्या बॉडीत आत व्हॉल्व्ह, हॅमरची वाट आणि हवेच्या वाटा असतात, आणि ड्रिल कुठे निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. ट्रिगरची फ्रेम बॉडीला दोन स्क्रूंनी धरलेली असते. पुढचा स्क्रू मूळच्यापेक्षा पट्टीच्या जाडीइतकाच जास्त लांब घ्या आणि पट्टी त्याच्याखाली धरा. त्याहून लांब घेतलात तर टोक आत जाऊन काहीतरी अडवेल. एकाच स्क्रूवर पट्टी फिरते, म्हणून तिच्या मागच्या टोकाला ओठ ठेवून तो फ्रेमच्या कडेला टेकवा. ५ किंवा ६ मिलिमीटरची, ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची पट्टी पुरते. वेल्डिंग नको. टी६ केलेल्या, म्हणजे उष्णतेच्या प्रक्रियेने कणखर केलेल्या ॲल्युमिनियमचा कणखरपणा त्या उष्णतेने बराच उतरतो, आणि बॉडी वाकडी झाली तर बोल्ट सरकणार नाही ते वेगळंच.

इथे फसवणारे दोन आटे आहेत. फ्रेमच्या तळाचे स्क्रू सहसा १०-३२ या इंची मापाचे असतात आणि मिलिमीटरवाला एम५ त्यांच्यासारखाच दिसतो. एम५ दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग घट्ट होतो, आपण जोर लावतो आणि आटे संपतात. दुसरी जोडी नळीच्या फिटिंगची. पेंटबॉलमध्ये पाव इंचाच्या नळीची फिटिंगं १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे) असतात, इंचाला २७ आटे, निमुळते. १/८ बीएसपीला (ब्रिटिश पाइपच्या आट्यांना) २८ असतात आणि आट्यांचा कोनही वेगळा. हातात धरून फरक दिसत नाही. चढतात, टेप गुंडाळली तर थोडा वेळ गळतही नाहीत. हवेच्या कॉम्प्रेसरच्या दुकानात मिळालं म्हणून घेतलंत तर आट्यांचा गेज लावूनच घ्या. टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे, पहिला आटा मोकळा ठेवून, नाहीतर टेपचा तुकडा तुटून थेट रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतो. मग पुन्हा काटा चढताना दिसेल आणि तुम्ही सीट बदलत बसाल.

थ्रीडी प्रिंटचं उत्तर: हवा जिच्यातून जाते अशी कोणतीही वस्तू प्रिंट करायची नाही, कितीही जाड असली तरी. पट्टीही नको. पीएलए, म्हणजे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज होतं. मात्र धातूची पट्टी करायच्या आधी माप बघायला प्रिंट करून लावून पाहा. मी आता तसंच करतो, ॲल्युमिनियम फुकट जात नाही. रेग्युलेटरवर हाताला पकड यावी म्हणून कव्हर हवं असेल तर तेही प्रिंटचं चालेल, ते श्वासाचं भोक सोडून.

पहिल्यांदा हवा भरताना गोळ्या नकोत, बॅरलला कव्हर, डोळ्यांवर मास्क, आणि तोंड जोडांच्या रेषेत नको. रेग्युलेटरचा ॲडजस्ट स्क्रू कमी दाबाकडे फिरवून ठेवा, टाकी सावकाश फिरवत न्या, मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा दिसला तर हवा सोडूनच फिटिंग आवळायचं, भरलेल्या नळीवर पाना लावायचा नाही. टाकीच्या डोक्यावरच्या बर्स्ट डिस्कला (दाब फार वाढला तर फुटून तो सोडणाऱ्या चकतीला) तर हातच लावू नका. दाब पाव-पाव फेऱ्याने वाढवा आणि प्रत्येक वेळी एक-दोनदा ट्रिगर दाबून मगच काटा वाचा. खाली आणताना तर दाबावाच लागतो, कारण पुढे साठलेली हवा परत मागे जात नाही. शेवटी दहा मिनिटं मार्कर तसाच ठेवून काटा कुठे आहे ते बघा. जिथल्या तिथे असेल तरच क्रोनोवर जा.

पट्टी कापायच्या आधी अजून एक: ॲडजस्ट स्क्रू तुमच्या रेग्युलेटरला तळाला आहे की बाजूला, ते पाहून ॲलन कीला जागा ठेवा. माझ्या पहिल्या पट्टीत तो बरोबर ट्रिगर गार्डच्या मागे लपला होता, आणि दरवेळी दाब बदलायला मला आख्खी फ्रेम उतरवावी लागायची.