झिरकोनियावर आम्ल आणि सिलेन लावूनही सिमेंट का सुटते?

तुम्ही लिथियम डायसिलिकेट आणि झिरकोनिया, दातांच्या कॅप-व्हिनियरसाठीच्या या दोन्ही सिरॅमिकच्या चकत्यांवर ९.५ टक्क्यांचे हायड्रोफ्लोरिक आम्ल ६० सेकंद ठेवले, मग सिलेन (सिरॅमिक आणि रेझिन यांना जोडणारे द्रव) आणि रेझिन सिमेंट लावले. २४ तासांनी दोन्हींचे बंध-ताकदीचे आकडे बरे आले, पण थर्मोसायकलिंगमध्ये (थंड-गरम पाण्यात आळीपाळीने बुडवण्यात) झिरकोनियावरचे सिमेंट चाचणीआधीच निघून आले. आम्लाची वेळ वाढवावी का, असे तुम्ही विचारता.

वाढवू नका. झिरकोनियात त्या आम्लाने खावी अशी काचच नाही.

फ्लोराइडचा मारा सिलिकॉनवर असतो. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड तयार होते आणि जास्तीच्या आम्लात त्याचे हेक्साफ्लोरोसिलिसिक आम्ल बनते. लिथियम डायसिलिकेटमध्ये साधारण ७० टक्के स्फटिक आणि बाकी काच असते. आधी काच विरघळते, सुयांसारखे स्फटिक उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या फटींत रेझिन शिरते. शिवाय पृष्ठभागावर सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले -OH) मोकळे होतात. सिलेनला धरायला तेच लागतात.

खरे तर तुमची पद्धत लिथियम डायसिलिकेटलाही जास्तच होते. त्याला ५ टक्क्यांचे आम्ल २० सेकंद पुरते. ९.५ टक्के आणि मिनिटभर हा हिशोब फेल्डस्पॅथिक पोर्सिलेनचा, म्हणजे जास्त काच असलेल्या सिरॅमिकचा. लिथियम डायसिलिकेटवर तो वापरला की काच खोलवर निघून जाते, स्फटिकांचा आधार सुटतो आणि पातळ व्हिनियरची (दातावर चिकटवायच्या पापुद्र्याची) वाकण-ताकद घटते. धुतल्यावर पृष्ठभागावर खडूसारखा पांढरा थर दिसला तर तो फ्लोरोसिलिकेट क्षारांचा असतो. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने तो पूर्ण जात नाही. नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ५ मिनिटे ठेवा. हा थर राहिला तर तुम्ही सिरॅमिकला नव्हे, क्षाराला सिमेंट चिकटवत आहात.

आता सिलेन. त्यातले मेथॉक्सी गट पाण्याशी अभिक्रिया करून सिलॅनॉल होतात आणि मेथॅनॉल बाहेर पडते. हे सिलॅनॉल सिरॅमिकवरच्या सिलॅनॉलशी जुळताना पाण्याचा रेणू निघतो व सिलॉक्सेन (सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन) बंध तयार होतो. रेणूच्या दुसऱ्या टोकाचा मेथॅक्रिलेट गट सिमेंटसोबत पॉलिमर होतो. एकच पातळ थर लावा, ६० सेकंद थांबा, मग कोमट हवेने वाळवा. द्रावक, पाणी आणि मेथॅनॉल उडाले की अभिक्रिया पुढे सरकते. जाड थरात वरचे रेणू सिरॅमिकला धरलेलेच नसतात आणि पाण्यात तिथूनच भेग जाते. बाटली गढूळ दिसली तर फेकून द्या, कारण सिलेन आपापसातच जुळून संपलेले असते. एकाच बाटलीतल्या आम्लधर्मी युनिव्हर्सल बाँडमध्येही (अनेक पृष्ठभागांसाठीच्या एकाच चिकट द्रवात) सिलेन असेच झिजते, म्हणून लिथियम डायसिलिकेटसाठी वेगळे सिलेन वापरावे असे माझे ठाम मत आहे.

झिरकोनियावर सिलिका नाही. सिलेन तिथे बसते, पण झिरकोनियम-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध पाण्यात टिकत नाही. २४ तासांचा तुमचा आकडा घासलेल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि सिमेंट नीट पसरणे, या दोहोंतून आलेला असणार.

झिरकोनियाला ५० मायक्रॉन ॲल्युमिनाचे सॅण्डब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कणांचा मारा) द्या: दाब १ ते २ बार, अंतर १० मिलिमीटर, वेळ १० ते १५ सेकंद, नोझल सतत फिरते. आधी पृष्ठभागावर मार्करने रेघोट्या मारा. राहून गेलेली जागा लगेच कळते. मग अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक, कोरडे करून एमडीपी हा रेणू असलेला प्रायमर (सिमेंटआधीचा थर), आणि त्यावर सिमेंट. एमडीपीच्या एका टोकाचा फॉस्फेट गट झिरकोनियाशी थेट रासायनिक बंध करतो, दुसऱ्या टोकाला मेथॅक्रिलेट असतो आणि मधली दहा कार्बनची साखळी पाण्याला दूर ठेवते. सिलेनच वापरायचे असेल तर आधी सिलिकाचा लेप दिलेल्या ३० मायक्रॉन कणांचा मारा करून पृष्ठभागावर सिलिका बसवावी लागते.

दाबाबाबत ३ वाय आणि ५ वाय (३ आणि ५ मोल टक्के यिट्रिया असलेला) झिरकोनिया एकाच मापाने मोजू नका. ३ वायमध्ये माऱ्याने टेट्रागोनल स्फटिकरचनेचे कण मोनोक्लिनिक रचनेचे होतात, फुगतात आणि भेग दाबून धरतात. ५ वायमध्ये हे जवळजवळ होत नाही, तिथे पडलेली भेग भेगच राहते. त्याला १ बार पुरे.

आणखी एक सापळा: लाळ लागलेला झिरकोनिया फॉस्फोरिक आम्लाच्या जेलने साफ करणे. एमडीपीने जी जागा घ्यायची ती त्या आम्लातले फॉस्फेट आधीच अडवून बसते. सॅण्डब्लास्टिंग पुन्हा करा किंवा झिरकोनियासाठीचा अल्कधर्मी क्लीनर वापरा. लिथियम डायसिलिकेटवर मात्र तेच जेल सिलेनच्या आधी वापरायला हरकत नाही.

हायड्रोफ्लोरिक आम्ल हाताळताना २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावरच हवे. सौम्य द्रावणाची वेदना तासांनी सुरू होते, तोवर फ्लोराइड आत पोचलेले असते.

नव्या मांडणीत झिरकोनियाचे किमान चार गट ठेवा: नुसते सॅण्डब्लास्टिंग, सॅण्डब्लास्टिंग आणि सिलेन, सॅण्डब्लास्टिंग आणि एमडीपी, आणि सॅण्डब्लास्टिंगशिवाय एमडीपी. प्रत्येक गटाचे अर्धे नमुने २४ तासांनी तोडा, अर्धे ५ ते ५५ अंश सेल्सिअसच्या थर्मोसायकलिंगनंतर. चाचणीआधीच सुटलेले नमुने वगळू नका. त्यांची नोंद वेगळी द्या. तुटलेला प्रत्येक पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. झिरकोनिया स्वच्छ दिसला तर बंध सुटला आहे, सिमेंट चिकटून राहिले असेल तर सिमेंटच तुटले आहे.