ग्वाटेमालात मार्गदर्शकासोबत होडीने, जंगलात मुक्काम करत माया शहरांचे अवशेष बघता येतात का? कुठे जावं?

हो, येतात. त्यासाठी मी एकच जागा सुचवेन: पेतेशबातून. ग्वाटेमालाच्या उत्तरेकडच्या पेतेन प्रांतात, नैर्ऋत्य कोपऱ्यात हे सरोवर आणि त्याच नावाची नदी आहे.

तुम्ही लिहिलंय की सह्याद्रीत ट्रेक केलेत, तंबूत राहायची सवय आहे, स्पॅनिश येत नाही आणि तिकालची, म्हणजे पेतेनमधल्या सगळ्यात प्रसिद्ध माया शहराची, गर्दी नको. तिकाल वगळा असं मी सांगणार नाही, ते शहर अफाट आहे. पण तिथे तुम्ही बसमधून उतरता, चार मंदिरं बघता आणि परत बसमध्ये बसता. पेतेशबातूनला दोस पिलास, अग्वातेका, पुंता दे चिमिनो ही ठिकाणं एकमेकांच्या टप्प्यात आहेत आणि पासिओन नदीने थोडं वर गेलं की सेइबाल. ही शहरं एकमेकांशी लढली, एकमेकांचे राजे पकडून नेले, आणि एकामागून एक ओस पडली. माया संस्कृतीच्या पडझडीचा इतका सलग पुरावा फार थोड्या भागांत मिळालाय. तिथे रस्त्याने धावपळ केली तर हाती सुटे दगड लागतात. पाण्यावरून गेलात तर कोणाला कोणाची भीती वाटत होती ते डोळ्यांना दिसतं.

जायचं असं. पेतेनची राजधानी फ्लोरेसहून सायाश्चेपर्यंत दीड-दोन तासांचा रस्ता. या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जंगल असेल असं वाटतं, पण दिसतात ती पाम तेलाच्या झाडांची एकसारखी रांगेतली लागवड. त्याचं मला आजही वाईट वाटतं. 2015 च्या जूनमध्ये पासिओन नदीत प्रदूषणामुळे मैलोन्मैल मासे मरून तरंगले होते. नदीकाठच्या गावांचं रोजचं खाणं त्या एका फटक्यात गेलं. आज त्या भागात दाट जंगल उरलंय ते मुख्यतः अवशेषांभोवती राखलेल्या तुकड्यांत. म्हणून तुम्ही तिथे कोणाला पैसे देता याला अर्थ आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

सायाश्चे हे नदीकाठचं साधं, गजबजलेलं गाव. मी गेले तेव्हा ट्रक आणि गाड्या सपाट तराफ्यावरून पलीकडे जात होत्या आणि त्या तराफ्याला कडेला लावलेल्या छोट्या मोटारी ढकलत होत्या. धक्क्यावरच लांचा मिळतात. लांचा म्हणजे लांब, अरुंद मोटरबोट. पासिओनमधून पेतेशबातून नदीत शिरलं की पाणी संथ होतं, काठची झाडं जवळ येतात, आणि इथे मोटार बंद करायला सांगा. आम्ही सामान लांचात ठेवून सरोवरात आणि नदीच्या वरच्या भागात कायुकोने फिरलो. कायुको म्हणजे एका खोडातून कोरलेली होडी, कोळी अजून वापरतात. ती डगमगते, म्हणून मधोमध आणि खाली बसायचं. वल्ह्याने गेलं की कासवं ओंडक्यावरून उड्या मारत नाहीत, खंड्या पुढच्या फांदीपर्यंत सोबत करतो, आणि पंख पसरून वाळवत बसलेला सर्पपक्षी अगदी हाताच्या अंतरावरून बघता येतो. सगळा प्रवास वल्ह्यांनी करायचा हट्ट धरू नका. अंतरं मोठी आहेत आणि उन्हात जीव जातो. मोटार आणि वल्हं दोन्ही असू द्या.

आता अग्वातेका. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा पण हे सोडू नका. सरोवराच्या दक्षिणेला चुनखडीचा उभा कडा आहे, त्याच्या माथ्यावर हे शहर. आपल्याकडच्या गडांवर फिरलेल्या माणसाला ही जागा पाय ठेवताच कळते: एका बाजूला तुटलेला कडा, आणि शहराच्या मधोमध जमीन दुभंगून झालेली नैसर्गिक घळ, काही ठिकाणी 60-70 मीटर खोल. घळीच्या तळातून पायवाट आहे. आत उतरल्यावर हवा एकदम गार होते, दोन्ही भिंती ओल्या, शेवाळलेल्या, वरून झाडांची मुळं दोरासारखी लोंबत असतात आणि आभाळाची जेमतेम एक फट दिसते. वर राजवाडा, चौक आणि सरदारांची घरं. घळ पार करायला दगडाचे नैसर्गिक पूल. एवढं निसर्गाने दिलेलं असूनही लोकांनी त्यात आणखी चार-पाच किलोमीटर तटबंदी घातली, खाली दगडाचा पाया आणि वर लाकडी खांबांचं कुंपण. ती घाईने बांधलेली आहे हे आजही जाणवतं.

घाई कशाची होती ते कळायला दोस पिलासची गोष्ट लागते. सातव्या शतकात तिकालच्या राजघराण्यातल्या बालाह चान काविल या मुलाला इथे पाठवून ही गादी स्थापन झाली. पुढे तिकालचं कट्टर वैरी शहर कलाकमुल, त्याने दोस पिलासवर हल्ला करून या राजाला नमवलं, आणि हाच राजा कलाकमुलच्या बाजूने तिकालच्या, म्हणजे स्वतःच्याच भाऊबंदांच्या विरुद्ध लढला. 679 मध्ये तो जिंकला. ही सगळी हकिकत त्याच्या राजवाड्याच्या दगडी जिन्यावर कोरलेली आहे: रक्ताची तळी साचली, कवट्यांचे ढीग झाले, असं त्यात म्हटलंय. जिन्याच्या काही पायऱ्या कित्येक शतकं मातीखाली होत्या. 2001 च्या वादळात एक झाड उन्मळून पडलं आणि त्या उघड्या पडल्या, तेव्हा कुठे अभ्यासकांना या वैराचा पूर्ण क्रम वाचता आला. 735 मध्ये दोस पिलासने सेइबालचा राजा पकडला, आणि त्या विजयाच्या जवळजवळ सारख्या शिळा दोस पिलास आणि अग्वातेका या दोन्ही ठिकाणी उभ्या केल्या.

मग 761 मध्ये पारडं फिरलं. शेजारच्या तामारिंदितो या शहराने बंड केलं. उरलेल्या लोकांनी स्वतःच्याच राजवाड्याचे, मंदिरांचे घडीव दगड उचकटून भर चौकात तट घातला, तो त्या कोरीव जिन्यावरूनच नेला. दोस पिलासला जाऊन मला सगळ्यात जास्त हलवलं ते या ओबडधोबड भिंतीने. उंच मंदिर बघून आपण थक्क होतो, पण कोरलेल्या दगडावर कोणीतरी घाईघाईत टाकलेला दगड बघितला की ती माणसं समोर येतात. इथे पोचायला सरोवराकडून अर्धा दिवस चालावं लागतं किंवा घोडा घ्यावा लागतो. पावसाळ्यात त्या वाटेवर गुडघाभर चिखल असतो, तेव्हा तुमचा ट्रेकचा अनुभव कामी येईल.

राजघराणं मग अग्वातेकाला सरकलं. तिथेही साधारण 810 च्या सुमारास शत्रू आत शिरला आणि शहराचा मधला भाग जाळला. लोक असेल ते टाकून पळाले, म्हणून पुरातत्त्वज्ञ ताकेशी इनोमाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1990 च्या दशकापासून केलेल्या उत्खननात घरातल्या वस्तू जागच्या जागी मिळाल्या. एका घरात रंग वाटायचे दगडी खलबत्ते आणि लेखनाचं साहित्य, म्हणजे तो दरबारी लेखनिक असावा. दुसऱ्या घरात पायराइटच्या आरशाचे तुकडे. राजवाडा मात्र बराचसा रिकामा, एक खोली तेवढी सामान ठेवून बंद केलेली. राजा बहुधा आधीच निघून गेला होता आणि लेखनिक, कारागीर शेवटपर्यंत मागे राहिले. मुख्य चौकात एक मोठं मंदिर अर्धवट बांधलेलं आहे, तसंच राहिलं. मार्गदर्शकाला ते मुद्दाम दाखवायला सांगा, नाहीतर मातीचा उंचवटा समजून पुढे जाल.

मुक्कामासाठी सगळ्यात चांगली जागाही अग्वातेकाच. पुरातत्त्व खात्याचे रखवालदार तिथे राहतात. मार्गदर्शकाने आधी परवानगी घेतली की त्यांच्या तळाजवळ तंबू लावता येतो किंवा झावळ्यांनी शाकारलेल्या छपराखाली जाळीचा हॅमॉक टांगता येतो. मी हॅमॉक सुचवेन, कारण जमिनीवर मुंग्या आणि ओल. पहाट होण्याआधी हाउलर माकडांची गर्जना सुरू होते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते माकड आहे यावर विश्वास बसत नाही, इतका तो आवाज खोल असतो. ते तिथून लांब असतात, काही करत नाहीत, घाबरू नका.

जंगलात एक झाड मार्गदर्शकाकडून नक्की बघून घ्या: चिकू. डहाणू-घोलवडच्या बागांमुळे तो आपल्याला घरचा वाटतो, पण त्याचं मूळ रान हे. इथे तो उंचच उंच वाढतो. जुन्या झाडांच्या खोडावर कोयत्याने पाडलेल्या तिरप्या खाचांच्या नागमोडी रांगा वरपर्यंत गेलेल्या दिसतात. च्युइंगमसाठी चीक काढणारे चिक्लेरो त्या पाडायचे. खाचेला बोट लावलं तर कडा अजून जाड आणि उठून लागतात, झाडाने ती जखम भरून काढलेली असते. तिकालच्या मंदिरांच्या दारांवरच्या कोरीव तुळया याच लाकडाच्या आहेत, हजारावर वर्षं टिकल्यात.

मार्गदर्शक हवाच का, तर हवाच. वाटा झाडीत हरवतात, बार्बा आमारिया नावाचा अत्यंत विषारी साप पाल्यात ओळखू येत नाही, आणि तुम्हाला स्पॅनिश येत नाही. शिवाय हा सीमेजवळचा भाग आहे, तस्करीच्या वाटा आहेत, कुठे कधी जाऊ नये हे स्थानिकालाच माहीत असतं. फ्लोरेसमधून सगळं ठरवून देणारे मिळतील, पण प्रत्यक्ष सोबत येणारा माणूस सायाश्चे परिसरातलाच असावा असा आग्रह धरा आणि त्याचे पैसे थेट त्याच्या हातात जातात ना ते विचारा. इथली बरीच गावं केक्ची लोकांची आहेत. ते स्वतः माया आहेत. “माया लोक नाहीसे झाले” असं आपण सहज बोलून जातो, ते त्यांच्यासमोर बोलू नका. ते तुमची होडी वल्हवत असतात. आमच्या मार्गदर्शकाने कडा चढण्याआधी थोडा कोपाल धूप पेटवून त्सूलताकाची, म्हणजे डोंगरदऱ्यांच्या दैवताची, परवानगी मागितली. आम्ही चपला काढून बाजूला उभे राहिलो, त्याला ते आवडलं.

शाकाहारी असाल तर निभतं. चुन्याच्या पाण्यात उकडलेल्या मक्याच्या तोर्तिया, काळा घेवडा, भात, अंडी, केळी. फक्त घेवड्यात डुकराची चरबी असते का हे प्रत्येक वेळी विचारा. “सिन मांतेका”, म्हणजे चरबीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. बाकीच्यांनी सरोवरातला ताजा मासा खावा.

तब्येतीचं मात्र गांभीर्याने घ्या. मलेरियाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे लिशमॅनियासिस. वाळूमाशी चावून होणारा हा त्वचेचा आजार पेतेनमध्ये जुना आहे, चिक्लेरोंच्या कानाच्या पाळ्या त्याने झडायच्या. ही माशी डासापेक्षा बारीक असते आणि संध्याकाळनंतर चावते. तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि कानाला, मानेला कीटक पळवणारं औषध लावा. परतल्यावर महिनाभराने किंवा नंतरही एखादी न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना पेतेनला गेला होतात हे आवर्जून सांगा. नाहीतर ते भलतीकडेच शोधत बसतील.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. क्रम ठेवा दोस पिलास, मग अग्वातेका, मग पुंता दे चिमिनो, म्हणजे इतिहास ज्या दिशेने गेला त्याच दिशेने तुम्ही जाल. पुंता दे चिमिनोला सरोवरात घुसलेल्या भूशिराच्या मानेवर आडवे खंदक खणून त्याचं बेट केलेलं दिसेल. होडीतून त्याला वळसा घाला. सेइबाल शेवटी, पासिओनवरून. आजूबाजूची शहरं ओस पडल्यावर 849 मध्ये तिथल्या राजाने पाच शिळा उभ्या केल्या, त्या आजही चांगल्या टिकल्यात. तिथलं गोलाकार मंदिर आणि त्यासमोरची जग्वारच्या रूपातली वेदीही चुकवू नका, माया शहरांत गोल इमारत क्वचितच दिसते.

मेक्सिकोच्या बाजूने उसुमासिंता नदीवरून याशचिलानला जाणं हाही सुंदर जलमार्ग आहे, पण चियापासच्या सीमाभागात गेल्या काही वर्षांत टोळ्यांचा हिंसाचार वाढलाय, म्हणून पहिल्या खेपेला मी तो सुचवणार नाही.

हॅमॉक आणि त्याची बारीक विणीची जाळी घरूनच न्या. डासांसाठीच्या साध्या जाळीतून वाळूमाशी आरामात आत येते.