बालगृहातील मुलाने मारहाणीबद्दल सांगितले, अधीक्षक म्हणतात ‘आम्ही बघतो’. आता मी काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण नागपुरातील एका अनुदानित बालगृहात दर रविवारी गणित शिकवायला जाता, तिथल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने रात्रपाळीचा काळजीवाहक पट्ट्याने मारतो असे सांगितले, आपण ते अधीक्षकांच्या कानावर घातले, तेव्हा ‘ही मुले खोटे बोलण्यात पटाईत असतात, तरी आम्ही बघतो’ असे उत्तर मिळाले. मी विदर्भातील एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी ही कायदेशीर समिती) एक कार्यकाल, म्हणजे तीन वर्षे, सदस्य होते आणि आता नागपुरातच राहते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

खरी अडचण ‘आम्ही बघतो’ यातच आहे. संस्था बघते म्हणजे बहुतेक वेळा मुलाला कार्यालयात बोलावते, ज्याच्यावर आरोप आहे त्याला शेजारी उभे करते आणि विचारते, ‘सांग, कोणी मारले तुला?’ मुलगा मान खाली घालून ‘कोणी नाही’ म्हणतो, तसे लिहून त्याची सही घेतली जाते आणि विषय मिटतो. ही चूक मी स्वतःही केलेली आहे. समितीवर नवी असताना एका संस्थेत मी एका मुलाला अधीक्षकांच्याच टेबलासमोर प्रश्न विचारले. त्याने सगळे नाकारले. दोन आठवड्यांनी ‘वर्तन समाधानकारक नाही’ या शेऱ्यासह त्याला दुसऱ्या जिल्ह्यातील बालगृहात पाठवण्याचा प्रस्ताव आमच्यापुढे आला आणि आम्ही तो मंजूरही केला. आरोपानंतर हलवायचे असते ते आरोप असलेल्या माणसाला, आणि तेही त्याला दोषी ठरवून नव्हे तर चौकशी संपेपर्यंत मुलांपासून दूर ठेवण्यासाठी. आम्ही हलवले मुलाला.

म्हणून पहिली गोष्ट ही की खरे-खोटे ठरवण्याचे काम आपले नाही आणि अधीक्षकांचेही नाही. मुलाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वार-वेळेसह आजच लिहून ठेवा. ‘पट्टा’ म्हणाला असेल तर पट्टाच लिहा, त्याचे ‘चामडी वस्तू’ करू नका. त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करू नका आणि हे कोणाला सांगणार नाही असे वचनही देऊ नका, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही. कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर यातले काही टाकू नका. मुलाची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

त्याच अधिनियमाचे, म्हणजे २०१५ च्या कायद्याचे, कलम ७५ संस्थेतील कर्मचाऱ्याने केलेल्या क्रूरतेसाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. तरीही पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘ही तर एनसी आहे’, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा अदखलपात्र गुन्हा आहे, असे ऐकावे लागण्याची तयारी ठेवा. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि तिने तीन ते सात वर्षे शिक्षेचे या कायद्यातील गुन्हे अदखलपात्र केले. (हा बदल मला आजही पटलेला नाही, ज्या मुलाच्या बाजूने उभे राहायला आई-बाप नाहीत त्यानेच दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा, असा त्याचा अर्थ होतो.) दुखापत गंभीर असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात आणि चित्र बदलते, पण आपल्या प्रकरणात मी आधी बाल कल्याण समितीकडे जाईन.

समितीच्या अध्यक्षांच्या नावे एक पानाचा अर्ज करा, प्रती जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना द्या, आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का व आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. समितीच्याच कारभाराबद्दल तक्रार असेल तर तीही जिल्हाधिकारी ऐकतात. अर्जात तीन मागण्या स्पष्ट लिहा: मुलाची तातडीने वैद्यकीय तपासणी व्हावी, रात्रपाळीचे हजेरीपत्रक ताब्यात घ्यावे आणि कॅमेरे असल्यास त्यांचे चित्रण जपून ठेवावे. वळ काही दिवसांत पुसट होतात आणि जुन्या चित्रणावर नवे चढत जाते, त्यामुळे पुढच्या रविवारची वाट पाहू नका. मुलाला मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील शासकीय रुग्णालयांत नेण्याचा आदेश समितीला काढू द्या. आपण स्वतः त्याला बाहेर नेलेत तर उद्या आरोप आपल्यावरच येईल. मुलाला आजच रात्री धोका वाटत असेल तर १०९८ किंवा ११२ वर फोन करावा.

मारहाणीपलीकडे लैंगिक स्वरूपाचा नुसता संशय आला तरी मात्र विचार करत बसायला जागा नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात माहिती असूनही न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता. त्यांच्यावरील गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहिती दडवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले.

मुले खोटे बोलतात का, हे आपण विचारलेले नाही, पण ते आपल्या मनात घोळत असणार. एका प्रकरणात मुलांनी ज्याचे नाव घेतले तो मारत नव्हता. मारणारा दुसराच होता आणि त्याचे नाव घ्यायची त्यांची छाती होत नव्हती. दुसऱ्या एका संस्थेत आम्ही ऐन मे महिन्यात गेलो होतो. अधीक्षक दारात उभे, आणि सगळी मुले एका सुरात ‘जेवण चांगले मिळते’ म्हणत होती. मी कोणालाच काही न विचारता प्रत्येकाला फक्त आपापली झोपायची जागा दाखवायला सांगितले. हॉलच्या एका टोकाला मोठा कूलर होता, आणि त्या टोकाच्या सहा-सात गाद्या गुंडाळलेल्या. मुले दुसऱ्या टोकाला, उन्हाने तापलेल्या भिंतीला चिकटून दाटीवाटीने झोपत होती. नागपूरकडच्या उन्हाळ्यात कूलरची जागा सोडून कोण झोपतो? कूलरपाशी रात्रीच्या काळजीवाहकाची खाट होती. पुढे महिला सदस्य आणि समुपदेशकांनी मुलांना एकेकटे भेटून जबाब घेतले तेव्हा काय ते कळले. तक्रारपेटीही तिथे होती, पण तिच्या फटीवर भिंतीबरोबरच ऑइलपेंट फासलेला होता.

येत्या रविवारी वर्ग चुकवू नका आणि त्या मुलाशी वेगळे काही बोलूही नका. नेहमीप्रमाणे गणितच शिकवा. आपण बोललो म्हणून सर यायचे बंद झाले, असे त्याला वाटता कामा नये. फाटकावरच ‘आता स्वयंसेवकांना परवानगी नाही’ असे सांगितले गेले तर वाद न घालता परत या, आणि ती तारीख व सांगणाऱ्याचे पद लिहून समितीकडे दुसरा अर्ज द्या.