सोलापुरात एक दिवस आहे. सिद्धेश्वर पाहून झालंय. जुनं बांधकाम असलेलं दुसरं कोणतं मंदिर पाहावं?

हत्तरसंग कुडलला जा. दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना जिथे भीमेला मिळते तिथे. कुडल म्हणजे कन्नडमध्ये संगमच. सोलापुरातून विजापूर रस्त्याने निघायचं, जाऊन येऊन अर्धा दिवस पुरतो.

तिथे देवळं दोन. आधी संगमेश्वरात शिरा आणि खांब बघायच्या आधी मान वर करा. सभामंडपाच्या तुळईवर अक्षरं कोरलेली आहेत, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. त्यात एक वाक्य आहे: 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या शिलालेखांपैकी हा एक. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. गावोगाव पायपीट करून शिलालेख शोधणारा हा माणूस, त्यांचे उपकार आपण विसरू नयेत.

मी लहान असताना वडिलांनी मला खांद्यावर घेऊन ती ओळ दाखवली होती. मला फक्त 'वा' ओळखू आला. पण हजार वर्षांपूर्वीचा 'वा' आणि माझ्या पाटीवरचा 'वा' जवळजवळ सारखाच, हे बघून अंगावर काटा आला होता. आजही येतो. आत उजेड कमी असतो, बॅटरी जवळ ठेवा. प्रकाश तिरका पाडला की अक्षरं उठून दिसतात.

शेजारचं हरिहरेश्वर कितीतरी काळ मातीखाली होतं, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उत्खननात मोकळं झालं. उत्तर चालुक्यांच्या, म्हणजे नंतरच्या काळातल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या धाटणीचं काम: चुना न वापरता दगडावर दगड बसवलेला, आणि मधोमध छत गोल उघडं ठेवलेला स्वर्गमंडप. कोल्हापूरकडचं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पाहिलं असेल तर लगेच ओळखाल.

तिथे सापडलेलं बहुमुखी शिवलिंग मात्र घाईत बघू नका. एकाच दगडात ३५९ मुखं, ओळींवर ओळी. लांबून नुसता खडबडीत दगड वाटतो. गुडघ्यावर बसून एकच ओळ धरून बघत गेलात की प्रत्येक चेहरा वेगळा आहे हे कळतं. हात मात्र फिरवू नका, नाकं-डोळे आधीच झिजलेत.

शक्यतो सकाळी लवकर निघा, दुपारी आपल्याकडचं ऊन सोसत नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर भीमेला पाणी किती आहे याची आधी चौकशी करा.