एक्स-रे मस्त आहे, मग आईला बरं का वाटत नाही?

प्रश्न : मॅडम नमस्कार, आईच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन सात महिने झाले. दर फॉलोअपला सर्जन एक्स-रे बघतात आणि सांधा एकदम छान बसलाय म्हणतात, पण आई म्हणते मला हवं तसं काही झालं नाही, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पूजेला खाली बसता येत नाही, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं. ऑपरेशन फसलं का? कोणाचं खरं मानायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : आईचं ऐका, सर्जनही खोटं बोलत नाहीयेत. एक्स-रेत इम्प्लांट म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा नीट बसलाय का, हाडाला घट्ट आहे का, वाकडा पाय सरळ झाला का एवढंच कळतं. आई रात्री दुखण्याने उठते का, भाजी आणायला एकटी जाते का, हे तिलाच विचारावं लागतं, आणि आपल्याकडे फॉलोअपच्या पाच मिनिटांत नेमकं तेच राहून जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

यासाठी ऑक्सफर्ड नी स्कोअर नावाचा फॉर्म १९९८ पासून वापरात आहे. १२ प्रश्न, सगळे गेल्या ४ आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ४८ पैकी, जास्त मार्क म्हणजे गुडघा चांगला. प्रश्न अगदी रोजच्या जगण्यातले आहेत, किती वेळ चालल्यावर दुखणं वाढतं, जेवून खुर्चीतून उठताना त्रास होतो का, लंगडता का, अंथरुणात दुखतं का, बाजारहाट स्वतः जमतो का, जिना उतरता येतो का. आईकडून हा दोनदा भरून घ्या, एकदा आजचा आणि एकदा ऑपरेशनच्या आधीचा, आठवून. आठवून भरलेला तितका पक्का नसतो पण काहीच नसण्यापेक्षा बरा. समजा आधी १५ होते आणि आता ३४ आहेत तर फायदा भरपूर झालाय, भले ४८ झाले नसतील. १६ चे १८ झाले असतील तर मात्र आईची तक्रार अगदी रास्त आहे आणि तो कागद घेऊन सर्जनकडे जा, नुसतं दुखतंय सांगण्यापेक्षा त्याने बोलणं पुढे सरकतं.

आता खाली बसायचं. रिप्लेसमेंटनंतर गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो, खुर्चीतून उठायला आणि जिन्याला तेवढं पुरतं, पण मांडी घालायला नि उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. हे ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. हा फॉर्म इंग्लंडचा, त्यात गुडघे टेकण्याचा प्रश्न आहे पण मांडी घालण्याचा नाही, म्हणून माझ्या पेशंटना मी वरून विचारते की पंगतीत बसायचंय का, घरी कमोड आहे का, एसटीच्या पायरीवर चढता येतं का. बधिरपणाची काळजी नको, चीर देताना कातडीची बारीक नस कापली जाते, तो भाग हळूहळू लहान होतो, कधीकधी थोडा कायम राहतो.

जिना उतरताना त्रास होतो तो बहुतेक वेळा मांडीच्या स्नायूत ताकद नसल्यामुळे. घरी एक टेस्ट करा, खुर्चीपासून ३ मीटरवर खूण करायची, आईने उठून तिथपर्यंत चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं, मोबाईलवर सेकंद बघायचे. १२ किंवा जास्त लागले तर ताकद आणि तोल दोन्हीवर फिजिओथेरपी हवी, महिन्याने पुन्हा मोजा. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं असेल, ताप असेल, जखमेतून पाणी येत असेल तर फॉर्म बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

प्रश्न : कंबरेतल्या एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांमधल्या डिस्कचं ऑपरेशन होऊन ३ महिने झाले. पायातली कळ गेली पण कंबर दुखते, पायाचा अंगठा बधिर आहे. दर वेळी दहा प्रश्नांचा फॉर्म देतात, मी घाईत टिक करतो. त्यात लैंगिक संबंधांबद्दलही विचारतात, शेजारी आईवडील असतात. गरज आहे का याची?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा ऑस्वेस्ट्रीचा फॉर्म, इंग्लंडमधल्या त्या गावाच्या नावाने, १९८० पासूनचा. १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ५, त्याची टक्केवारी काढतात आणि इथे कमी म्हणजे चांगलं, गुडघ्याच्या उलट. २० टक्क्यांपर्यंत त्रास किरकोळ, ४० च्या वर गेला की त्रास बराच जास्त. मागच्या वेळेपेक्षा साधारण १० ने कमी झाला तर खरा फरक पडला असं धरतात, म्हणून घाईत टिक केलं की तुमचंच नुकसान. तो नको असलेला प्रश्न सोडलात तरी चालेल, बाकीच्यांवरून हिशोब होतो, पण फॉर्म एकट्याने भरा. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून कमी त्रास लिहिणारे खूप भेटतात मला.

पायाचं दुखणं आणि कंबरेचं दुखणं ० ते १० मध्ये वेगवेगळं लिहा. ऑपरेशन दबलेली नस मोकळी करायला असतं त्यामुळे पायाची कळ आधी जाते, बधिरपणाला महिने लागतात, आणि कंबरदुखी पूर्ण थांबेल याची खात्री या ऑपरेशनमध्ये तितकी नसतेच. मात्र लघवी अडली, जांघेत बधिर झालं किंवा पाऊल उचलेना तर रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा.

प्रश्न : वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, हॉस्पिटल ९८ टक्के सक्सेस सांगतं. आणखी काय विचारू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सक्सेस म्हणजे काय मोजलं ते विचारा. इम्प्लांट बदलावं लागलं नाही हा एक हिशोब, त्यात आकडे चांगलेच येतात. पेशंट समाधानी आहे का हा दुसरा, त्यात परदेशातल्या मोठ्या पाहण्यांमध्ये साधारण पाचातला एक जण नाखूष निघतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००९ पासून ऑपरेशनच्या आधी आणि ६ महिन्यांनी वर सांगितलेला गुडघ्याचा फॉर्म भरून घेतात, तसं तुमच्याकडे करता का विचारा, नसतील करत तर आधीचा फॉर्म तुम्हीच भरून तारीख टाकून ठेवा. त्यावर वडिलांना स्वतःच्या हाताने लिहू द्या की बरं झाल्यावर काय करायचंय. एका काकांनी 'बांधावरून चालायचंय' एवढंच लिहिलं होतं, मग आम्ही जिमच्या गुळगुळीत फरशीऐवजी मागच्या मोकळ्या जागेत खडबडीत जमिनीवर चालायचा सराव घेतला. तो कागद फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी दाखवा.