आधी एकेक चॅनेल ऐक

प्रिय मित्रा,

१९९२ साली सनसॉफ्ट कंपनीने फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेम यंत्रासाठी काढलेल्या ‘गिमिक!’ या खेळाच्या संगीताने तुला वेड लावले आहे. पण ‘तेव्हा तू जन्मलाही नव्हतास, मग या जुन्या पिपाण्यांचे तुला एवढे कौतुक कशाला’ असे कोणी विचारले की तुला उत्तर सुचत नाही, असे तू लिहितोस. आवडीला बालपणीच्या आठवणींचा दाखला जोडावा लागत नाही, एवढे सांगून हा मुद्दा सोडतो, कारण तुझी खरी अडचण वेगळी आहे. एवढ्या लांबलचक पत्रात तू काय ऐकलेस, हे कोठेच आलेले नाही. ‘जादुई’, ‘उदास’, ‘अप्रतिम’ ही झाली तुझ्या मनाची अवस्था. संगीतकार मासाशी कागेयामा यांनी नेमके काय केले, ते त्यात कोठे आहे?

म्हणून सांगतो, एकेक चॅनेल, म्हणजे यंत्रातून निघणारा एकेक स्वतंत्र आवाज, वेगळे ऐक. मूळ फॅमिकॉमला आवाजाची पाचच चॅनेल आहेत: दोन पल्स (चौकोनी तरंगाची), एक त्रिकोणी तरंगाचे, एक नॉइजचे (खरखरीचे) आणि एक ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारे. त्रिकोणी तरंगाचा आवाज कमीजास्त करण्याची सोयच नाही. तो वाजतो किंवा गप्प राहतो. ‘गिमिक!’च्या जपानी कार्ट्रिजमध्ये (यंत्रात खोचायच्या, खेळ भरलेल्या डबीत) सनसॉफ्ट ५बी नावाची जादा चिप होती आणि तिने आणखी तीन चौकोनी तरंग दिले. पल्सचा पोत बदलता येतो, या तिघांचा येत नाही. तरीही सुरावट एका चॅनेलवर ठेवून तिच्याखाली फ्यूजन-जॅझच्या वळणाचा भरघोस स्वरमेळ मांडायला येथे जागा मिळाली. १९९३ साली स्कँडिनेव्हियात निघालेल्या आवृत्तीत ही जादा चॅनेल नाहीत, कारण तिकडच्या यंत्रात कार्ट्रिजमधला आवाज मिसळून घेण्याची सोय नव्हती. ती आवृत्ती तुला ‘जरा पोकळ’ वाटली, असे तू ओझरते लिहून पुढे गेलास. अरे, साऱ्या पत्रात ऐकण्याचा पुरावा म्हणावा असा तेवढाच एक शब्द होता, आणि नेमका तेथेच तू थांबला नाहीस!

या संगीताची एनएसएफ प्रकारची फाइल मिळव. तिच्यात ध्वनिमुद्रण नसते, खेळातला संगीत वाजवणारा मूळ प्रोग्रॅमच असतो. त्यामुळे हवे ते चॅनेल बंद करून बाकीचे ऐकता येते. त्यानंतर प्रत्यक्ष खेळ खेळ, कारण या यंत्रावर खेळातल्या नायकाच्या उडी मारण्याचे किंवा तारा फेकण्याचे आवाज संगीताच्याच चॅनेलवर हक्क सांगतात, आणि तेवढ्या क्षणापुरता संगीतातला एखादा सूर गळतो. रचनाकाराला हे गृहीत धरूनच लिहावे लागत असे. एकेक चॅनेल ऐकल्याशिवाय ही कसरत कळत नाही, आणि ती कळल्याशिवाय केलेली स्तुती मला ऐकवत नाही.

वाद्यवृंदासाठी केलेली रूपांतरे मी ऐकत नाही, यावरून मला हेकट म्हणतात. म्हणोत. ज्या अडचणीतून ती सुरावट तशी घडली, ती अडचणच काढून टाकल्यावर उरते ती नुसती चाल; आणि चालीचेच कौतुक करायचे, तर या यंत्राचे नाव तरी कशाला घ्यायचे? याच वादापायी माझ्याबरोबर ऐकणारी दोनचार माणसे दुरावली. त्याची खंत वाटते, कारण आता एखादी जागा सापडली तर सांगायला कोणी उरलेले नाही, आणि तुझ्या पत्राला इतक्या तातडीने उत्तर लिहिण्याचे तेही एक कारण असेल. पण म्हणणे मात्र मी मागे घेतलेले नाही, आणि तुझ्यासाठीही घेणार नाही.

तेव्हा पहिल्या टप्प्याचे संगीत घे, ५बीची तिन्ही चॅनेल बंद कर आणि काय उरले ते लिहून काढ. मग फक्त ती तीनच चालू ठेवून पुन्हा लिही. दोन्ही कागद मला पाठव. विशेषणे असतील तर ती खोडूनच पाठव.

तुझा,
एक जुना श्रोता