पुनर्चक्रणाचे कायदे तोलताना टक्केवारीआधी काय पाहावे

आपण जर्मनी, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या पुनर्चक्रण कायद्यांची तुलना करत आहात आणि पुनर्चक्रणाची टक्केवारी हा मुख्य निकष धरावा का, असे विचारले आहे. माझ्या मते तो मुख्य निकष धरू नये. निर्यातदारांच्या पॅकेजिंगची परदेशी नियमांनुसार नोंदणी करून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे आणि कोणताही नवा कायदा हाती आला की मी आधी दोन गोष्टी शोधतो. पैसे कोणी आणि नेमके कधी भरायचे आणि वस्तू पुनर्चक्रणापर्यंत खरोखर पोहोचली याची खातरजमा कोण करते?

टक्केवारी फसवी ठरण्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. जपानमध्ये नागरी कचऱ्याच्या पुनर्चक्रणाचा दर सुमारे २० टक्केच आहे, कारण तेथील बहुतेक कचरा जाळला जातो; मात्र प्लास्टिकच्या उपयुक्त वापराचा अधिकृत आकडा ८० टक्क्यांच्या वर जातो, कारण जाळून मिळवलेली ऊर्जाही त्यात धरली जाते. जर्मनी नागरी कचऱ्याच्या सुमारे दोन तृतीयांश भागाचे पुनर्चक्रण दाखवतो, पण युरोपीय संघाने २०१८ मध्ये मोजणीचे नियम कडक केले आणि गोळा झालेला माल न मोजता प्रत्यक्ष पुनर्चक्रण प्रक्रियेत शिरणारा माल मोजावा, असे ठरवले. त्यामुळे एकाच देशाचे जुने आणि नवे आकडेही शेजारी ठेवताना सावध राहावे लागते.

जर्मनीकडे मी थोडा अधिक वेळ देईन, कारण तेथे कायद्याचा हेतू आणि परिणाम यांतील अंतर फार स्पष्ट दिसते. १९९१ च्या पॅकेजिंग अध्यादेशाने वेष्टनाची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली. त्यांनी शुल्क भरून उभारलेली यंत्रणा पिवळ्या पिशव्या आणि डब्यांतून ही वेष्टने घरोघरहून उचलते आणि नगरपालिकेच्या कचरासेवेपासून ती वेगळी असते. त्याच अध्यादेशात एक अट होती: पेयांसाठी पुन्हा भरून वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण ७२ टक्क्यांच्या खाली गेले, तर एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर सक्तीची अनामत, म्हणजे खरेदीवेळी भरायची आणि बाटली परत दिल्यावर मिळणारी रक्कम, लागू होईल. प्रमाण घसरले, उद्योगांनी न्यायालयात दाद मागितली, तरीही १ जानेवारी २००३ पासून अनामत लागू झाली. आज ती २५ सेंट आहे. सुरुवातीला अनेक साखळी दुकाने केवळ आपल्याच विशिष्ट आकाराच्या बाटल्या परत घेत आणि ग्राहकाला दारोदार फिरावे लागे. जे दुकान एखाद्या पदार्थापासून बनलेली बाटली विकते, त्याने त्या पदार्थाची कोणतीही अनामत-बाटली परत घेतली पाहिजे, हा नियम २००६ मध्ये आला आणि मग व्यवस्था सुरळीत झाली. दुकानातील यंत्रात बाटली टाकली की ते छापील चिन्ह वाचते, पावती देते आणि ती गल्ल्यावर वटते. बाटल्या परत येण्याचे प्रमाण आता ९५ टक्क्यांहून अधिक आहे आणि स्वच्छ, एकजिनसी प्लास्टिक हाती येते. परंतु ज्यासाठी हा खटाटोप केला, ते पुन्हा भरण्याच्या बाटल्यांचे प्रमाण काही सावरले नाही; उलट स्वस्त साखळी दुकानांतील एकदाच वापरायच्या बाटल्या वाढत गेल्या. बाटली परत येणे आणि बाटली पुन्हा भरली जाणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. आपल्या अहवालात ती कृपया वेगळी मांडा.

शुल्क चुकवणाऱ्यांचा प्रश्नही जर्मनीत बरीच वर्षे होता. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय नोंदणी सक्तीची केली आणि ती यादी सर्वांसाठी खुली ठेवली. एखाद्या कंपनीने नोंदणी केली आहे की नाही, हे तिचा प्रतिस्पर्धीसुद्धा तपासू शकतो. माझ्या अनुभवात दंडाच्या रकमेपेक्षा या खुलेपणाचा धाक अधिक बसतो.

जपानने पैसे घेण्याचा क्षण वस्तूगणिक वेगळा ठेवला आहे. २००१ पासून दूरचित्रवाणी संच, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एअर कंडिशनर टाकून देताना ग्राहकच शुल्क भरतो. ते टपाल कार्यालयातही भरता येते, मिळालेली पावती यंत्रावर चिकटवली जाते आणि तिच्यावरील क्रमांकावरून आपला फ्रीज कारखान्यात पोहोचला का, हे पाहता येते. ही मागोवा घेण्याची सोय मला फार मोलाची वाटते. मात्र टाकताना पैसे मागितले की रात्री रानात नेऊन टाकण्याचा मोह वाढतो. मोटारींसाठी २००५ पासून लागू झालेल्या कायद्यात हेच शुल्क गाडी विकत घेतानाच भरावे लागते.

कोरियाने १९९५ मध्ये पैशाचे टोक थेट घरापर्यंत नेले. उरलेला कचरा पालिकेने ठरवलेल्या, दुकानातून विकत घेतलेल्या पिशवीतच टाकायचा आणि वेगळा केलेला सुका माल विनाशुल्क द्यायचा. अन्नकचरा थेट भरावभूमीत, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, टाकण्यास २००५ पासून बंदी आहे आणि अनेक वसाहतींत कार्ड दाखवल्यावर डब्याचे झाकण उघडते, वजन होते आणि त्यानुसार आकारणी होते. तरीही चीनने २०१८ मध्ये परदेशी टाकाऊ प्लास्टिक घेणे बंद केले, तेव्हा सोल परिसरातील खासगी संकलकांनी वसाहतींमधील प्लास्टिक उचलणे थांबवले आणि ढीग साचले. घरोघरी काटेकोर वर्गीकरण होत होते, पण त्या मालाला गिऱ्हाईक उरले नव्हते.

तुलनेत भारत घेणार असाल, तर २०२२ चे प्लास्टिकविषयक नियम पाहा. येथे उत्पादक पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन आपले उद्दिष्ट पूर्ण करू शकतो. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे आढळली. खातरजमेचा प्रश्न मी सुरुवातीलाच मांडला, तो यासाठीच. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याची तरतूद होती, परंतु ती पिशवी कोणत्या दुकानदाराने, कोणत्या सोयीने परत घ्यायची हे दुवे पक्के न झाल्याने ती रुजली नाही. आणखी एक रकाना अवश्य ठेवा: प्रत्यक्ष वर्गीकरण करणाऱ्या माणसाला काय मिळते? पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलते; तिच्या सभासदांना घरटी शुल्कही मिळते आणि भंगाराच्या विक्रीचे पैसेही. बाटल्यांवरची अनामत वा उत्पादकांचे शुल्क उद्या आपल्याकडे रुजले आणि सारा चांगला माल यंत्रांकडे वळला, तर या उत्पन्नाचे काय, हे कायद्यात आधी लिहावे लागेल.